पानातली नागमोडी रेघ कुणाची? नागअळी ओळखायला सुरुवात कशी करायची

एरंडाचं झाड शोधा. नाल्याकाठचं चालेल, बांधकामाच्या राडारोड्यावर उगवलेलं चालेल, रेल्वेच्या रुळांशेजारचं पण चालेल. त्याची खालची जरा जून पानं उलटीपालटी करून बघा, एखाद्या तरी पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ दिसेल, घरातल्या पोराने खडूने गिरगटून ठेवल्यासारखी. बोटाने पुसून बघा, जाणार नाही. कारण ती रेघ पानावर नाहीये, पानाच्या आत आहे. पानाला वरून एक पापुद्रा असतो खालून एक, मधे हिरवा गर, आणि हा गर खात खात कुणीतरी आतून चालत गेलंय, पापुद्रे तसेच ठेवून.

शेतकरी याला नागअळी म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकात ‘पाने पोखरणारी अळी’ असं लिहिलेलं असतं. आता गंमत अशी आहे की टोमॅटोवरची नागअळी आणि मोसंबीवरची नागअळी हे दोन वेगळे किडे आहेत, म्हणजे नुसते वेगळे नाही तर पार वेगळे, एक मोठी होऊन माशी होते आणि दुसरीचा पतंग होतो. भुंगेऱ्यांच्या काही जातींच्या अळ्याही पानात राहतात. तेव्हा नागअळी हे किड्याचं नाव नाहीये, तो धंदा आहे, आणि त्या धंद्यात बरीच वेगवेगळी घराणी आहेत. कुठल्या घराण्याचा माल आहे हे नुसत्या रेघेवरून बऱ्यापैकी सांगता येतं, मायक्रोस्कोप नसला तरी. ते कसं करायचं हेच सांगतो. मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही, टेकडीवर फिरायला जाणारा माणूस आहे, चुका करत करत शिकलोय आणि त्यातल्या काही खाली येतीलच.

सामान काय लागतं? दहा पटीचं भिंग, दागिने बघायला सराफ वापरतात ते, दोनतीनशे रुपयांत मिळून जातं. एक साधी सुई. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्या. मोबाईल तर असतोच. बास.

पहिली पायरी: आधी झाड कुठलं ते ठरवा

नवीन लोक इथेच घाई करतात, रेघेचा फोटो अगदी जवळून काढतात आणि विचारतात हा कुठला किडा. झाड कुठलंय म्हटलं की गप्प. पण पानं पोखरणारे बरेचसे किडे खाण्याच्या बाबतीत भयंकर चोखंदळ असतात, एखादं झाड किंवा फारतर एखादं कुळ, त्यापलीकडे जात नाहीत. लिंबावरचा पतंग फार तर बेलावर किंवा कुंतीवर जाईल कारण ती सगळी लिंबाचीच भावकी आहे, पण आंब्यावर नाही जाणार. म्हणजे झाड कळलं की अर्धं काम तिथेच झालं. काही माश्या मात्र याला अपवाद, त्या काहीही खातात, त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

म्हणून फोटो काढताना आधी अख्ख्या झाडाचा काढा, मग फांदीचा, फूल-फळ असेल तर त्याचा, आणि शेवटी पानाचा, वरून आणि खालून दोन्ही. खालचा फोटो विसरू नका, मी पहिले सहा महिने विसरत होतो.

दुसरी पायरी: हा बोगदा आहे का नक्की?

पान सूर्याकडे धरा, नाहीतर पानामागे दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च लावा. खरा बोगदा असेल तर तिथून उजेड जास्त आरपार येतो, मधला गर गेलेला असतो ना, आणि आत काळपट कण किंवा दोरी दिसते, नशीब असेल तर अळी पण हलताना दिसते. सुईने वरचा पापुद्रा हळूच उचलून बघा, फुग्यासारखा सुटा होतो.

फसवणारी मंडळी बरीच आहेत. करंजाच्या पानावर बोटांसारखी उभी टोकं आलेली तुम्ही पाहिली असतील, कधी कधी पूर्ण झाड भरलेलं असतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्या उत्साहाने कापून आत अळी शोधत बसलो, काही मिळेना. त्या गाठी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, पोखरण्याशी काही संबंध नाही. पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी होते तेही हे नव्हे, तिथली अळी बाहेर बसून खाते, शिरा तेवढ्या ठेवते. भुरी, म्हणजे पानावरची पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, बोटाने पुसली जाते, गोगलगाईचा चकचकीत माग पण ओल्या फडक्याने जातो. बुरशीचे डाग जरा जास्त त्रास देतात कारण त्यांच्यातही मधे काळे ठिपके असू शकतात, पण तिथे पापुद्रा सुटा नसतो, सगळं एकत्र वाळून गेलेलं असतं. शंका आली की सुई.

तिसरी पायरी: आकार

ढोबळ मानाने चार प्रकार लक्षात ठेवा. एक, रेघ, म्हणजे लांबलचक अरुंद बोगदा. दोन, फोड, म्हणजे पसरट चट्टा. तीन, रेघेने सुरू होऊन शेवटी फोड झालेली. चार, तंबू, हा सगळ्यात देखणा, यात अळी फोडाच्या आत रेशीम विणते, ते रेशीम वाळताना आक्रसतं आणि पान त्या जागी कमानीसारखं वर उचललं जातं.

रेघ असेल तर तिचं बारीक टोक शोधा. अळी लहान असताना बोगदा बारीक, वाढत जाते तसा रुंद, त्यामुळे कुठून कुठे गेली हे रस्त्यावरच्या टायरच्या खुणेइतकं स्पष्ट दिसतं. बारीक टोकाशी भिंगाने बघा. पतंगाने पानावर अंडं चिकटवलेलं असतं, त्याचं चपटं टरफल कधी कधी तिथे अजून असतं. माशी अंडं पानात टोचून घालते म्हणून तिथे काही सापडत नाही, पण त्या पानावर इतरत्र टाचणीने टोचल्यासारखे पांढरे ठिपके भरपूर असतात, ते माशीच्या मादीचे, ती शेपटाच्या टोकाने भोक पाडते आणि बाहेर येणारा रस पिते. एरंडावर, टोमॅटोवर हे ठिपके ढिगाने दिसतील. रेघ आणि ठिपके दोन्ही आहेत म्हटल्यावर माशीवर पैज लावायला हरकत नाही.

बोगदा पानाच्या वरच्या बाजूने दिसतो, खालच्या बाजूने की दोन्हीकडून, हेही लिहून ठेवा.

चौथी पायरी: शी कुठे केलीये ते बघा

हसू नका, सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. मला कुणी म्हटलं की एकच गोष्ट बघायला मिळेल, आकार की विष्ठा, तर मी डोळे मिटून विष्ठा म्हणेन. अळी आत कोंडलेली, बाहेर जायला जागा नाही, त्यामुळे खाल्लेलं सगळं आतच टाकावं लागतं, आणि प्रत्येक घराण्याची टाकायची पद्धत वेगळी असते.

माशीची अळी बोगद्यात कुशीवर पडून खाते. थोडं खाल्लं की कूस बदलते. त्यामुळे तिची शी एकदा या कडेला एकदा त्या कडेला अशी पडत जाते, दोन्ही कडांनी काळ्या तुटक रेघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून झाडं लावल्यासारख्या. उजेडात धरलेल्या एरंडाच्या पानात हे इतकं छान दिसतं की एकदा पाहिलं की विसरणं शक्य नाही.

पतंगाची अळी कुशी बदलत नाही, पोटावर किंवा पाठीवर सरळ राहते, मग तिची शी बोगद्याच्या मधोमध एका ओळीत. लिंबाच्या नागअळीची तर फारच सुबक, चांदीच्या पट्ट्यात मधून बारीक गडद दोरा ओवल्यासारखी. याचं कारणही मजेदार आहे, ही अळी गर चावून खातच नाही, पापुद्र्याच्या पेशी कापते आणि त्यातला रस पिते, म्हणून दाणे पडत नाहीत, सलग रेघ पडते. पापुद्रा सुटून त्याच्याखाली हवा शिरते म्हणून ती चांदीची चमक.

फोड करणाऱ्या पतंगांच्या अळ्यांना जागा भरपूर, त्या कधी एका कोपऱ्यात ढीग घालतात, कधी रेशमाला दाणे अडकवून ठेवतात, कधी काळी पूड सगळीकडे. काही तर इतक्या टापटिपीच्या की भोक पाडून बाहेर टाकतात, मग फोड आतून स्वच्छ. फोड आहे, आत अळी आहे आणि विष्ठा मात्र जवळजवळ नाही असं दिसलं तर पानाची खालची बाजू बघा, तिथे कचरा लटकलेला असेल.

भुंगेऱ्यांच्या बाबतीत एवढा सरळ नियम मी सांगू शकत नाही, त्यांच्या फोडात बहुतेकदा भरपूर आणि विस्कटलेली असते. तिथे अळीच बघावी लागते.

आणि हे सगळं ताज्या बोगद्यात बघा. पंधरा दिवसांनी पाऊस पडून, बुरशी येऊन, पापुद्रा फाटून काहीही ओळखू येत नाही, अशा पानावर डोकं फोडून घेऊ नका, पुढचं पान बघा.

पाचवी पायरी: आतला प्राणी

पान टॉर्चवर धरूनच बघा आधी, फाडायची गरज पडत नाही बऱ्याचदा. माशीची अळी पिवळसर, एका बाजूला निमुळती, आणि तिला डोकं म्हणून काही दिसतच नाही. निमुळत्या टोकाला फक्त एक काळी आकडी असते आणि ती आकडी डावीकडून उजवीकडे विळ्यासारखी फिरत असते, गवत कापणारा माणूस बघा कसा हात फिरवतो, अगदी तसं. जिवंत अळी भिंगातून अशी कापताना बघितली त्या दिवशी मी टेकडीवरून घरी उशिरा पोचलो होतो आणि बोलणी खाल्ली होती.

पतंगाच्या अळीला डोकं असतं, तपकिरी, वेगळं कळून येणारं. लहानपणी अंग चपटं, डोकं पुढे पाचरीसारखं, पाय नाहीतच किंवा नावापुरते. मोठी झाल्यावर काहींना नेहमीच्या अळीसारखे पाय फुटतात. भुंगेऱ्याच्या अळीलाही डोकं असतं पण ते छातीत ओढून घेतलेलं, पुढचा भाग रुंद, मागे निमुळती होत गेलेली. कोकणात भातावर येणारा हिस्पा, अंगभर काटे असलेला छोटा काळा भुंगेरा, त्याची अळी अशीच पानाच्या दोन पापुद्र्यांमधे राहते, आणि मोठा भुंगेरा मात्र बाहेर बसून पान खरवडतो, त्याने पानावर समांतर पांढऱ्या रेघा पडतात. म्हणजे एकाच पानावर बापाचे ओरखडे आणि पोराचा फोड असं दोन्ही दिसू शकतं, दोन वेगळे किडे समजू नका.

चौथं एक घराणं आहे, करवती माश्यांचं, ते थंड देशांत जास्त, आपल्याकडच्या माळावर त्याच्या मागे लागू नका.

सहावी पायरी: गेली कुठून, कोष कुठे केला

रिकामा बोगदा पण बोलतो. रेघेच्या रुंद टोकाला पापुद्र्यात छोटी अर्धगोल चीर असेल तर माशीची अळी तिथून बाहेर पडून खाली मातीत गेली, कोष तिकडे. वाटाण्यावर आणि मोहरीवर हिवाळ्यात येणारी एक माशी आहे, क्रोमॅटोमिया हॉर्टिकोला, ती मात्र पानातच कोष करते, रेघेच्या शेवटी तपकिरी दाणा दिसतो आणि त्याची दोन बारीक टोकं पापुद्र्यातून बाहेर डोकावत असतात, श्वास घ्यायला. तेव्हा वाटाण्याच्या पानावर रेघ दिसली तर शेवटचं टोक आधी तपासा, दाणा असेल तर ही, रिकामी चीर असेल तर बहुतेक लिरिओमायझा, म्हणजे एरंड-टोमॅटोवरच्या माशीचं घराणं.

लिंबाची नागअळी शेवटी पानाच्या कडेला येते, कड दुमडून घेते आणि त्या दुमडीत कोष. तंबूवाल्या पतंगांचा कोष तंबूतच, आणि पतंग निघून गेला की रिकामी कात भोकातून अर्धी बाहेर लटकलेली राहते. ही कात मिळाली तर फेकू नका, फोटो काढा.

आता काही झाडं, सवयीसाठी

एरंड झालाच. त्यावरची ती लिरिओमायझा ट्रायफोली नावाची माशी, जेमतेम २ मिलिमीटरची, काळी-पिवळी. ही मूळची इकडची नाही, अमेरिका खंडातली. भारतात १९९०-९१ च्या सुमारास आली, शेवंतीच्या रोपांबरोबर आली असं मानतात. आणि आल्यावर तिने काय सोडलं? टोमॅटो, कापूस, वाल, काकडी, झेंडू, आणि कडेची रानटी झाडं. ही ती काहीही खाणारी. त्यामुळे रस्त्याकडेच्या एकदांडीवर, ओसाडीवर, असल्या सूर्यफुलाच्या कुळातल्या तणांवर तुटक काळ्या कडांची बारीक पांढरी रेघ दिसली तर पहिला संशय हिच्यावर. संशयच म्हणा पण, कारण हिच्या बहिणी दिसायला इतक्या सारख्या आहेत की तज्ज्ञ लोक नर माशीचे जननावयव काढून बघितल्याशिवाय जातीचं नाव घेत नाहीत. आपण ‘लिरिओमायझा’ एवढं लिहून थांबायचं, त्यात कमीपणा काही नाही.

लिंबू, बेल, कुंती. कोवळी पालवी बघा फक्त, जून पानावर ताजी रेघ सापडणार नाही. फिलोक्निस्टिस सिट्रेला हे नाव, १८५६ मधे स्टेन्टन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ठेवलं, नमुने कलकत्त्याचे होते, म्हणजे जगभर लिंबाच्या बागांना छळणारा हा पतंग कागदोपत्री आपल्याकडचाच. १९९३ मधे तो अमेरिकेत फ्लोरिडाला पोचला. पतंग एवढासा की पंख पसरले तरी ५ मिलिमीटरच्या आसपास, पांढरा-चंदेरी, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. विदर्भातल्या संत्र्याच्या बागवाल्यांना हा चांगला माहितीये, कारण याने उघड्या केलेल्या जखमांमधून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. सह्याद्रीत फिरत असाल तर माकडलिंबाची पालवी पण तपासा, तीच भावकी आहे.

काजू, कोकण आणि गोवा. काजू मूळ ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला, पण आता डोंगरावर रानासारखा माजलाय म्हणून यादीत घेतोय. पाऊस सरला की नवी पालवी फुटते, त्या तांबूस कोवळ्या पानांवर राखाडी-पांढरे फुगलेले फोड दिसतील. अळी लहानपणी पांढुरकी, मोठी होता होता गुलाबी-लालसर होते, उजेडात धरलं की फोडात लाल रेघ हलताना दिसते. ॲक्रोसर्कॉप्स सिनग्रामा हे या पतंगाचं नाव. ही आंब्यावरही येते. कोष जमिनीत करते. पान जून झालं की फोडाची जागा वाळते, मग पडून जाते आणि पानाला मोठं भोक राहतं. म्हणून काजूच्या जुन्या पानावर भोकं बघून ‘कुणीतरी बाहेरून खाल्लं’ असं ठोकून देऊ नका. मी दिलं होतं, आणि वाडीतल्या काकांनी मला कोवळं पान आणून हातात ठेवलं.

करंज. गाठी सोडून द्या, त्याशिवाय पानावर पांढरट पातळ फोड असतात ते बघा. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला करंज लावलेले असतात, मार्च-एप्रिलमधे नवी पालवी आली की थोड्याच दिवसांत सुरू होतं. काजूवरच्या पतंगाचंच हे कुळ, ग्रॅसिलॅरिडी, पानं पोखरणाऱ्या पतंगांचं हे सगळ्यात मोठं घराणं. जांभळावरही याच घराण्यातले भेटतात. इथे कुळापर्यंत पोचलात तरी उत्तम समजा.

कामोणी, ती काळ्या बारीक फळांची, कुंपणाला असते. ती टोमॅटोची जातभाई म्हणून टोमॅटोची दोन्ही दुखणी तिच्यावर येऊ शकतात. एक वरचीच माशी, बारीक रेघ, कडेने काळं. दुसरं टूटा ॲब्सोल्यूटा, दक्षिण अमेरिकेतला पतंग, भारतात २०१४ मधे पहिल्यांदा नोंदला गेला तो पुण्याच्या भागातच. त्याचा बोगदा रेघ नाही, मोठा बेढब फोड, पान जळल्यासारखं दिसतं, आत हिरवट अळी, डोकं स्पष्ट आणि डोक्यामागे काळा अर्धगोल पट्टा. ती एक फोड सोडून दुसरीकडे जाते, फळातही शिरते. ओळखायला दोघांत काही अडचण नाही खरं तर, पण ‘टोमॅटोची नागअळी’ हे एकच नाव दोघांना लावलं जातं आणि मग फवारणीवाला माशीचं औषध पतंगाला मारत बसतो.

गारवेल, रताळ्याचा वेल. पानावर तपकिरी चट्टे आणि पानाखाली रेशमाच्या चार धाग्यांवर काळ्या दाण्यांचा कचरा लटकलेला असेल तर बेडेलिया नावाचा पतंग. मघाशी म्हटलं ना बाहेर टाकणारे, ते हेच. अळी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरते, आणि कोषाला वेष्टणच नसतं, उघडाच धाग्यांना टेकून लटकतो.

बावची. भुईमूग-सोयाबीनवरचा पतंग या रानटी झाडावरही असतो. सुरुवातीला पानात शिरून तपकिरी फोड करतो, मोठी झाली की अळीला आत जागा पुरत नाही, मग बाहेर येऊन पानं एकमेकांना चिकटवते आणि त्या घडीत राहते. म्हणजे छोटा रिकामा फोड दिसला तर शेजारच्या गुंडाळलेल्या पानात बघा, मालक तिथे असेल.

घाणेरीबद्दल विचारतात लोक नेहमी, कारण सगळीकडे तीच दिसते. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात तिला मारायला मुद्दाम युरोप्लाटा आणि ऑक्टोटोमा नावाचे भुंगेरे सोडले, त्यांच्या अळ्या पानात राहून मोठे चट्टे पाडतात. तुमच्याकडच्या घाणेरीवर चट्टा दिसला तर पाचव्या पायरीपर्यंत जा आणि अळीचं डोकं-छाती बघूनच बोला.

सातवी पायरी: डबीत वाढवून बघणे

खरं उत्तर मोठा किडा बाहेर आल्यावरच मिळतं, आणि सगळ्यात मजा यातच आहे. अळी अजून आत आहे असं पान तोडा (अभयारण्यात, राखीव जंगलात परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही, तिथे फोटोवर भागवा). डबीच्या तळाला टिश्यू पेपरची घडी, किंचित दमट, ओली नाही. त्यावर पान, झाकण बंद, सावलीत ठेवा. उन्हात ठेवलं तर एका दुपारी सगळं शिजतं. रोज एकदा उघडून बघा, आतून पाण्याचे थेंब जमले असतील तर पुसा. जुलै-ऑगस्टमधे बुरशी हा मोठा शत्रू आहे, माझी निम्मी पानं पहिल्या पावसाळ्यात कुजली, नंतर मी टिश्यू रोज बदलायला लागलो तेव्हा कुठे जमलं.

अडचण अशी की तोडलेलं पान चारपाच दिवसांत सुकतं, आणि अळी लहान असेल तर उपाशी मरते. म्हणून मोठ्या अळीचं पान निवडा, रुंद टोकाची रेघ असलेलं. किंवा फांदीच तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि वरून पातळ कापडाची पिशवी बांधा. काजूसारखं जमिनीत कोष करणारं असेल तर डबीत बोटभर चाळलेली माती किंवा बारीक वाळू घाला. उकाड्याच्या दिवसांत माशी असो नाहीतर लिंबाचा पतंग, अंड्यापासून मोठं व्हायला दोनतीन आठवडे लागतात, म्हणजे मोठी अळी आणलीत तर आठदहा दिवसांत काहीतरी हाती लागायला हवं.

काहीतरी म्हणतोय कारण बऱ्याचदा भलतंच निघतं. माझ्या पहिल्या यशस्वी डबीतून, एरंडाच्या, चमकदार हिरवे-निळे इवलेसे किडे निघाले, दीड मिलिमीटरचे असतील, मी खूश, म्हटलं हीच ती माशी. फोटो दाखवल्यावर एका जाणकार मॅडमनी सांगितलं अरे ही गांधीलमाशीची जात आहे, परजीवी, हिने तुझी माशी आतल्या आत खाल्ली. पानातल्या अळीला भोकसून तिच्यावर किंवा तिच्यात अंडी घालणाऱ्या या बारीक गांधीलमाश्या इतक्या सर्रास असतात की त्या निघाल्या म्हणजे प्रयोग फसला असं नाही, उलट दोन नोंदी झाल्या. ओळखायचं कसं? माशीला पंखांची एकच जोडी, गांधीलमाशीला दोन. भिंगातून मिशा पण बघा, गांधीलमाशीच्या लांब आणि कोपरात वाकलेल्या, माशीच्या अगदी आखूड. पतंगाला तर पंखांना झालरीसारखे लांब केस असतात, प्रश्नच येत नाही.

एका डबीत एकाच झाडाची पानं ठेवा. शक्यतो एकच पान. मी कंटाळा करून करंज आणि एरंड एकत्र कोंबले होते आणि जे निघालं ते कुणाचं हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

कधी फिरायचं? जून-जुलैत पालवी कोवळी असते पण किडे अजून वाढायचे असतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर झोडपून मिळतं, मोहरी-वाटाण्यासाठी डिसेंबर-जानेवारी, आणि झाडांसाठी चैत्राची पालवी. एप्रिल-मेच्या उन्हात माळावरची तणं करपलेली असतात, पण पाणी घातलेल्या बागेतल्या लिंबाला सुट्टी नसते.

नोंद ठेवताना झाड, तारीख, जागा, बोगदा वर की खाली, आकार, विष्ठा कशी, अळी होती का, डबीतून काय कधी निघालं, एवढं लिहा. रिकाम्या बोगद्याचं पान वर्तमानपत्रात दाबून वाळवा, वर्षानुवर्षं टिकतं आणि विष्ठेची रेघ वाळल्यावर कधी कधी आणखी ठळक दिसते. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकत असाल तर उजेडात धरलेला फोटो नक्की टाका, तो बघूनच कुणीतरी उत्तर देईल. आणि डबीवरची चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई दमटपणाने फुटते, माझ्या कपाटात अजून तीन डब्या आहेत ज्यांच्यावर नुसता निळा डाग आहे.